ऑर्कनीच्या मेनलँडवर एक दिवस : पाच हजार वर्षांपूर्वीची घरे, कबरी आणि शिलावर्तुळे

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, पेंटलंड फर्थ ही जोरदार प्रवाहांची सामुद्रधुनी ओलांडली की ऑर्कनी द्वीपसमूह लागतो. बेटे सुमारे 70, त्यांपैकी वस्ती जेमतेम वीसेक बेटांवर आणि लोकसंख्या 22,000 च्या आसपास. सर्वांत मोठ्या बेटाचे नाव मेनलँड. कर्कवॉल आणि स्ट्रॉमनेस ही दोन गावे, विमानतळ आणि मुख्य बंदरे याच बेटावर आहेत. नवाश्मयुगातील, म्हणजे शेती करणाऱ्या पण धातू न जाणणाऱ्या माणसांच्या काळातील, युरोपातले सर्वांत सुस्थितीत राहिलेले अवशेषही याच बेटाच्या पश्चिम भागात आहेत. स्कारा ब्रे ही वस्ती, मेसहाउ ही कबर आणि स्टेनेस व ब्रॉडगर ही दोन शिलावर्तुळे मिळून 1999 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. चारही ठिकाणे एका दिवसात नीट पाहून होतात. दिवसाची आखणी मात्र आधी करावी लागते, कारण ऐनवेळी ठरवून गेलेल्यांना मेसहाउचे तिकीट बहुधा मिळत नाही.

एवढे जुने बांधकाम येथे टिकण्याचे कारण बेटाच्या दगडात आहे. ऑर्कनीचा वालुकाश्म थराथराचा असून तो सरळ फरशांमध्ये फुटतो. धातूच्या हत्याराशिवायही त्यातून भिंतीचा दगड, छताची फरशी किंवा वीस फुटी शिळा काढता येते. झाडे मात्र या वाऱ्याच्या बेटांवर फार थोडी. त्यामुळे इतरत्र लाकडात झालेल्या आणि कुजून गेलेल्या वस्तू, अगदी पलंग आणि मांडणीसुद्धा, येथे दगडात झाल्या आणि उरल्या. स्कारा ब्रेमध्ये इ.स.पू. 3180 च्या सुमारास वस्ती झाली आणि ती सुमारे इ.स.पू. 2500 पर्यंत नांदली. गिझाचा मोठा पिरॅमिड आणि मोहेंजोदडोचे नगर उभे राहिले तेव्हा हे खेडे काहीशे वर्षांचे जुने झाले होते.

भारतातून जाणाऱ्यांना ब्रिटनचा नेहमीचा व्हिसा पुरतो. स्कॉटलंडसाठी किंवा ऑर्कनीसाठी वेगळी परवानगी लागत नाही. एडिंबरा, ग्लासगो, ॲबर्डीन आणि इनव्हर्नेसहून कर्कवॉलला छोटी विमाने जातात. मोटारीसह जायचे असेल तर स्क्रॅब्स्टर ते स्ट्रॉमनेस ही फेरी सुमारे दीड तासाची आहे आणि गिल्स बे ते सेंट मार्गारेट्स होप ही सुमारे तासाभराची. ॲबर्डीनहून येणारी बोट कर्कवॉलला रात्री उशिरा पोचते, म्हणून त्या मार्गाने येणाऱ्यांनी स्थळदर्शनाचा दिवस दुसरा धरावा. बेटावर फिरण्यासाठी मोटार हाच सोयीचा उपाय. रहदारी आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने असते आणि भारतीय परवान्यावर पाहुण्यांना बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. गाड्या मर्यादित असल्याने उन्हाळ्यासाठी त्या काही महिने आधी ठरवाव्यात. कर्कवॉल आणि स्ट्रॉमनेस यांच्यामधल्या बसची सोय चांगली आहे आणि ती मेसहाउच्या बाजूने जाते. पण स्कारा ब्रेकडे जाणाऱ्या फेऱ्या कमी व हंगामी असतात. केवळ बसच्या भरवशावर राहिल्यास एका दिवसात दोन ठिकाणे होतील, चार नाही. सायकल चालवण्याची सवय असलेल्यांना रस्ते सोपे आहेत, चढ सौम्य आहेत; वारा तेवढा सौम्य नसतो.

दिवस ठरवताना दोन वेळा आधी कागदावर मांडाव्यात. पहिली मेसहाउच्या मार्गदर्शित फेरीची. या कबरीत स्वतंत्रपणे प्रवेश मिळत नाही; ठरावीक संख्येचा गट, ठरावीक वेळ आणि सोबत मार्गदर्शक अशीच पद्धत आहे. तिकीट आधी काढावे, स्टेनेस गावातील अभ्यागत केंद्रावर वेळेपूर्वी हजर राहावे. तेथून गटाला बसने कबरीपाशी नेतात. दुसरी वेळ ओहोटीची, आणि ती फक्त जुन्या वस्तीचे अवशेष असलेल्या बर्सेच्या छोट्या बेटावर जाणाऱ्यांना लागते. ते बेट मेनलँडला एका पायवाटेने जोडलेले आहे आणि ही वाट ओहोटीच्या आधी दोन तास व नंतर दोन तास एवढीच उघडी असते. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सकाळी ओहोटी असेल तर बर्सेपासून सुरुवात करून दक्षिणेकडे यावे, संध्याकाळी असेल तर तेथे दिवसाचा शेवट करावा, भर दुपारी असेल तर स्कारा ब्रे आणि मेसहाउ यांच्या मध्ये ते बसवावे. ओहोटीच्या वेळा दिवसाउजेडी जुळतच नसतील तर बर्से सोडून द्यावे. पाणी चढत असताना घाईने वाट ओलांडण्याचा मोह वाईट. उशीर झालेल्याला पुढची ओहोटी येईपर्यंत बेटावरच बसावे लागते.

या दोन वेळा सांभाळून उरलेला क्रम स्कारा ब्रेपासून सुरू करणे उत्तम. कर्कवॉलला उन्हाळ्यात मोठी पर्यटक जहाजे लागतात आणि त्यांच्या बसगाड्या सकाळी उशिरा ते दुपार या वेळात स्कारा ब्रे व ब्रॉडगरला एकामागून एक येतात. दार उघडताच पोचणाऱ्याला निदान अर्धा तास तरी मोकळा मिळतो.

स्कारा ब्रे स्केलच्या उपसागराच्या काठावर आहे. 1850 च्या हिवाळ्यात एका वादळाने वाळूच्या टेकडीवरचे गवत खरवडून काढले आणि खालच्या भिंती उघड्या पडल्या. जमिनीचे मालक विल्यम वॉट यांनी काही घरे खणून काढली. पुढे 1925 च्या वादळाने भिंतींचे नुकसान केल्यावर समुद्राच्या बाजूला बांध घालण्यात आला आणि त्यापाठोपाठ एडिंबरा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन चाइल्ड यांनी 1928 ते 1930 या काळात येथे उत्खनन केले. त्या काळातल्या या सर्वांत नामांकित पुरातत्त्वज्ञाचाही काळाचा अंदाज येथे चुकला. त्यांना ही वस्ती पिक्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील प्राचीन लोकांची, इ.स.पू. 500 च्या आसपासची वाटली होती. 1970 च्या दशकातील नव्या उत्खननाने आणि कार्बन कालमापनाने ती अडीच हजारांहून अधिक वर्षे मागे नेली.

अभ्यागत केंद्रातले छोटे प्रदर्शन आधी पाहावे आणि शेजारी उभारलेल्या प्रतिकृतीच्या घरात जरूर शिरावे. मूळ घरांमध्ये उतरता येत नाही. भिंतींच्या माथ्यावरून जाणाऱ्या वाटेवरून खाली पाहावे लागते. प्रतिकृतीत वाकून शिरलेल्याला आतला अंधार, छताची उंची आणि चुलीभोवतीची जागा यांचा अंदाज आलेला असतो, म्हणून नंतर वरून पाहताना घर उघड्या खड्ड्यासारखे दिसत नाही. केंद्रापासून वस्तीपर्यंतच्या पायवाटेवर इतिहासातल्या घटना कोरलेले दगड बसवले आहेत. चंद्रावरच्या पावलापासून मागे मागे जात माणूस पिरॅमिडच्याही पलीकडे पोचतो. शाळकरी मुलांना कालगणना समजावण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच सापडेल.

वस्तीत आठ घरे उरली आहेत. घरे एकमेकांना चिकटून असून त्यांना जोडणारे अरुंद, फरशांनी झाकलेले बोळ आहेत. भिंतींभोवती उकिरड्याचा कचरा, म्हणजे राख, शिंपले, हाडे, शेण, मुद्दाम रचून भरला आहे. त्याने वारा अडला, ऊब राहिली आणि भिंतींना आधार मिळाला. बहुतेक घरांची मांडणी एकसारखी : मध्यभागी चौकोनी चूल, दोन बाजूंना दगडी फळ्यांचे पलंग आणि दारासमोर दोन खणांची दगडी मांडणी. दारातून आत येणाऱ्याची नजर प्रथम या मांडणीवर पडेल अशीच ती ठेवली आहे. तिच्यावर घरातल्या चांगल्या वस्तू मांडल्या जात असाव्यात असे अभ्यासक मानतात. जमिनीत बसवलेल्या दगडी पेट्यांचे सांधे चिकणमातीने बुजवलेले होते, बहुधा पाणी टिकावे म्हणून. काही घरांत भिंतीतल्या कोठडीखालून गटार जाते. दाराला आतून अडसर लावण्यासाठी भोके आहेत. सातवे घर सर्वांत चांगले राहिले असून संरक्षणासाठी ते झाकलेले आहे. त्याच्या भिंतीखाली दोन स्त्रियांना पुरलेले आढळले. आठवे घर बाकीच्यांपासून सुटे आहे, त्यात पलंग नाहीत आणि दगडाच्या चिपा मोठ्या संख्येने मिळाल्या, म्हणून ती कामाची जागा मानली जाते. एका वेळी येथे पन्नास ते शंभर माणसे राहत असावीत. जव पिकवणे, गुरे-मेंढ्या पाळणे आणि मासेमारी हा त्यांचा उद्योग. समुद्र त्या काळी आजच्याइतका जवळ नव्हता; उपसागर पुढे सरकत आला आणि वस्तीचा काही भाग त्याने नेला असावा.

शेजारचा स्केल हाउस हा सतराव्या शतकातला वाडा उन्हाळ्यात त्याच तिकिटात पाहता येतो. वेळ कमी असेल तर तो वगळायला हरकत नाही.

तेथून आग्नेयेकडे दहाएक किलोमीटरवर, हॅरेचे गोडे आणि स्टेनेसचे मचूळ तळे यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. ब्रॉडगरचे वर्तुळ, स्टेनेसच्या शिळा, बार्नहाउसची वस्ती आणि मेसहाउ ही सगळी ठिकाणे या पट्टीच्या आसपास एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात येतात. पाहण्याचा खरा आनंद या सान्निध्यात आहे, म्हणून येथे मोटार एकदा लावून निदान ब्रॉडगर ते स्टेनेस हे सुमारे दीड किलोमीटरचे अंतर चालावे.

ब्रॉडगरच्या वर्तुळाचा व्यास 104 मीटर आहे. बांधकाम सुमारे इ.स.पू. 2500 ते 2000 या काळातले. मूळच्या सुमारे 60 शिळांपैकी 36 उरल्या आहेत आणि सर्वांत उंच शीळ साडेचार मीटरांहून अधिक आहे. 1980 साली वीज पडून एक शीळ फुटली. तिचा बुंधा आणि पडलेले तुकडे तसेच ठेवले आहेत. शिळांपेक्षाही लक्षपूर्वक पाहण्याची गोष्ट म्हणजे सभोवतालचा खंदक. आज तो गाळाने भरून उथळ दिसतो, पण मूळचा सुमारे तीन मीटर खोल होता आणि मातीत नव्हे, कठीण खडकात, दगडी हत्यारांनी कोरलेला होता. एका गावाच्या ताकदीचे हे काम नव्हे; आसपासच्या बेटांवरची माणसे त्यासाठी जमली असावीत. आत काय होते याचा उलगडा झालेला नाही, कारण वर्तुळाचा आतला भाग जवळजवळ खणलेलाच नाही. प्रवेश विनामूल्य आहे आणि वेळेचे बंधन नाही. पावसाळी जमीन आणि हजारो पावले यांमुळे वाटा खराब होतात, त्यामुळे आतली वाट अधूनमधून बंद ठेवली जाते. तेव्हा बाहेरच्या कडेने फिरावे.

ब्रॉडगरहून स्टेनेसकडे जाताना रस्त्यालगत नेस ऑफ ब्रॉडगर लागते. 2003 साली नांगरताना तेथे एक कोरीव शीळ वर आली आणि पुढच्या वर्षांतल्या उत्खननात जाड भिंतींनी वेढलेला इमारतींचा मोठा समूह उघडा झाला. रंग दिलेले दगड, दगडी कौलांचे छप्पर, आणि दहाव्या क्रमांकाच्या भव्य इमारतीभोवती शेकडो गुरांची हाडे असा ऐवज तेथे मिळाला. गुरांची ही कत्तल त्या इमारतीचा वापर संपवताना झालेल्या एका मोठ्या मेजवानीची असावी असे मानतात. हे उत्खनन 2024 मध्ये संपले आणि जागा पुन्हा मातीने बुजवण्यात आली. हा दगड हवेत उघडा राहिला की झिजतो, म्हणून बुजवणे हेच संरक्षण होते. जुन्या प्रवासपुस्तकांत उत्खनन पाहायला मिळते असा उल्लेख असला तरी आता तेथे पाहण्यासारखे काही नाही. खाली काय आहे हे माहीत असणे एवढाच लाभ.

स्टेनेसच्या चार शिळा ब्रॉडगरहून जुन्या, सुमारे इ.स.पू. 3100 च्या आहेत. मूळचे वर्तुळ बहुधा बारा शिळांचे योजलेले होते. उंची जवळजवळ सहा मीटर आणि जाडी मात्र वीतभराहून थोडी अधिक, त्यामुळे बाजूने पाहिल्यास त्या पात्यासारख्या दिसतात. मध्यभागी मोठी चूल होती. जवळच ओडिन शीळ नावाची भोक असलेली शीळ उभी असे आणि त्या भोकातून हात हातात घेऊन प्रेमिक शपथ घेत. 1814 च्या डिसेंबरात एका कुळाने, पाहायला येणाऱ्यांचा शेतीला त्रास होतो म्हणून, ती फोडली आणि वर्तुळातल्या शिळांवरही हात टाकला. गावकऱ्यांच्या संतापामुळे बाकीच्या वाचल्या. येथून काही मिनिटे चालत गेल्यास बार्नहाउसची वस्ती लागते. 1984 मध्ये सापडलेल्या या वस्तीच्या आज फक्त पायाच्या भिंती दिसतात. स्कारा ब्रे आधी पाहिले असेल तर त्या रेषांमधून चूल आणि पलंग ओळखता येतात. तसे नसेल तर ही जागा कोरडी वाटेल.

यानंतर मेसहाउ. बाहेरून तो 35 मीटर व्यासाचा आणि सात मीटरांहून थोडा अधिक उंच असा गवताळ टेकाडासारखा दिसतो. आत जाणारी वाट सुमारे दहा मीटर लांब आणि इतकी बुटकी की कंबरेत वाकूनच जावे लागते. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांनी, बंद जागेची भीती असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. वाटेच्या शेवटी साडेचार मीटरांच्या आसपास बाजू असलेली चौकोनी खोली आहे. तिच्या भिंती वर जाताना आत आत सरकत जातात, कोपऱ्यांत उभ्या शिळा आहेत आणि तीन बाजूंना कोनाडे. दगडांचे सांधे इतके बारीक जुळवले आहेत की चुना किंवा माती भरण्याची गरज पडलेली नाही. सुमारे इ.स.पू. 2800 मध्ये बांधलेल्या या कबरीचे तोंड नैर्ऋत्येला आहे. हिवाळी अयनदिनाच्या आधी व नंतर सुमारे तीन आठवडे मावळत्या सूर्याची तिरीप वाटेतून आत येऊन मागच्या भिंतीवर पडते.

मेसहाउमध्ये दुसराही इतिहास आहे. बाराव्या शतकात नॉर्स, म्हणजे मूळचे स्कँडिनेव्हियातले, लोक छतातून आत शिरले आणि त्यांनी भिंतींवर रून लिपीत तीसहून अधिक लेख कोरले. त्या काळातील ऑर्कनीच्या सागामध्ये, म्हणजे नॉर्स इतिहासकथेत, हिमवादळातून वाचण्यासाठी येथे आसरा घेतलेल्या टोळीचा उल्लेख आहे. लेखांत गंभीर असे फारसे नाही. कोणी आपले नाव कोरले, कोणी आपणच लिपीत सर्वांत कुशल असल्याची फुशारकी मारली, कोणी एका स्त्रीच्या रूपाची तारीफ केली, कोणी येथला खजिना आधीच नेल्याचे सांगितले. एका बाजूला कोरलेला प्राणी, सिंह किंवा ड्रॅगन, आज ऑर्कनीच्या दागिन्यांवर आणि भेटवस्तूंवर सर्रास दिसतो. ऑर्कनी 1468 पर्यंत नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. डॅनिश राजकन्येच्या हुंड्याच्या हमीपोटी ते स्कॉटलंडकडे आले आणि परत गेले नाही. हे माहीत असल्यास बेटावरच्या गावांची नॉर्स नावे आणि भिंतीवरचे हे लेख यांचा संबंध लागतो.

ओहोटी जुळत असल्यास दिवसाचा उरलेला भाग बर्सेला द्यावा. तेथे पिक्ट लोकांच्या व नंतरच्या नॉर्स वस्तीच्या घरांचे पाये, बाराव्या शतकातील चर्चचे अवशेष आणि तीन योद्धे कोरलेल्या पिक्ट शिळेची प्रतिकृती आहे. मूळ शीळ एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. ओहोटी न जुळल्यास उत्तर किनाऱ्यावरचे गर्नेसचे ब्रॉक हा तितकाच चांगला पर्याय. ब्रॉक म्हणजे लोहयुगातला दुहेरी भिंतींचा गोल दगडी बुरूज. गर्नेसला त्याच्याभोवती छोट्या घरांचे दाट गावही उरले आहे. 1929 साली कवी रॉबर्ट रेंडल येथल्या टेकाडावर चित्र काढत बसले असता त्यांच्या स्टुलाचा पाय आत गेला आणि खालचा जिना सापडला. गर्नेस हिवाळ्यात बंद असते. परतीच्या वाटेवर कुइनच्या कबरीसाठी अर्धा तास काढता येतो. तेथे माणसांच्या कवट्यांसोबत 24 कुत्र्यांच्या कवट्या सापडल्या. आत हातापायांवर रांगत जावे लागते आणि बॅटरी सोबत असावी.

ऋतूंचा विचार करता मे ते ऑगस्ट हा काळ उत्तम. जूनमध्ये दिवस अठरा तासांहून थोडा मोठा असतो, त्यामुळे ब्रॉडगर आणि स्टेनेस ही विनातिकीट ठिकाणे रात्री आठ-नऊनंतरही पाहता येतात. गर्दी नसलेले ब्रॉडगर पाहायचे असेल तर हीच वेळ. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तासांचा. त्या काळात मेसहाउची सूर्यकिरणे पाहायला जाणाऱ्यांनी दिवसात दोनच ठिकाणे धरावीत आणि आकाश ढगाळ असण्याची शक्यताच अधिक आहे हे मनाशी ठेवावे. उन्हाळ्यातही तापमान 15 अंशांच्या फार वर जात नाही. वाऱ्याला अडवणारे काहीच नसल्याने छत्री निरुपयोगी ठरते. टोपी असलेले जलरोधक जॅकेट, स्वेटर आणि ओल्या गवतावर न घसरणारे बूट घ्यावेत. जेवणाची सोय स्कारा ब्रेच्या केंद्रात व गावांत आहे, शिलावर्तुळांपाशी काही नाही. शाकाहारी प्रवाशांनी डबा बरोबर ठेवलेला बरा.

शिळांना टेकून बसणे, त्यांवर चढणे, आठवणीसाठी खडा उचलणे हे टाळावे. नॉर्स लोकांची अक्षरे आज वारसा ठरली असली तरी आजच्या माणसाने कोरलेले नाव हा गुन्हा ठरतो.

कर्कवॉलच्या टँकरनेस हाउसमधील ऑर्कनी संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे आणि तेथे या स्थळांवरच्या वस्तू पाहता येतात. स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात स्कारा ब्रेची व्हेलच्या हाडाची छोटी मानवाकृती आहे. एकोणिसाव्या शतकात सापडून नंतर हरवलेली ही मूर्ती 2016 मध्ये तेथल्याच एका खोक्यात पुन्हा मिळाली. मात्र संग्रहालये संध्याकाळी लवकर बंद होतात. ती आदल्या किंवा नंतरच्या दिवशी पाहावीत. दुसरा दिवस हाताशी असेल तर टिंगवॉलहून फेरीने रौझी बेटावर जाऊन मिडहाउची लांबलचक कबर पाहावी, किंवा पापा वेस्ट्रेवरील नॅप ऑफ हावर हे स्कारा ब्रेहूनही जुने शेतघर गाठावे. ही दोन्ही बेटे मेनलँडच्या दिवसात कोंबू नयेत. फेरीच्या वेळा तसे होऊ देत नाहीत.